सहा जानेवारीला जन्मलेले पालक

कोचिंग क्लासची नांदेडची शाखा बंद झाली तेव्हा तिथल्या पोरी ट्रॅव्हल्सनं लातूरला आल्या आणि त्यांची माहिती ई-मेलनं आली. पोरींना दोन दिवसांत खोल्या मिळाल्या. माहितीला मात्र कोणी हात लावेना, कारण ती शीट नव्हती, खिचडी होती. पोरीचं नाव, बापाचं नाव, गाव, फोन, पालकाची जन्मतारीख, सुट्टीवर गेली कधी आणि येणार कधी, सगळं एकाच रकान्यात कोंबलेलं. ज्यानं कोणी ते भरलं, त्याला रकाना म्हणजे बाजारच्या दिवशीची जीप वाटली असावी, मिळेल तिथं घुसायचं आणि दार लावून घ्यायचं.

हे लोढणं शेवटी क्लासच्या ऑफिसात कम्प्युटरवर बसणाऱ्या जयाच्या गळ्यात पडलं. क्लासचे मालक रेणुकादास सर म्हणाले, "आठवडा लागला तरी चालेल, पण सगळं वेगवेगळं करून दे." जयानं मान डोलावली. तिला मनातून माहीत होतं, आठवडा कशाला, एक दुपार पुरे. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून ती रेग्युलर एक्सप्रेशन नावाची करामत शिकली होती. कम्प्युटरला नेमका शब्द सांगायचा नाही, शब्दाचा साचा सांगायचा. दोन आकडे, तिरकी रेघ, दोन आकडे, तिरकी रेघ, चार आकडे. असं जिथं दिसेल तिथून उचल, वेगळ्या रकान्यात टाक, आणि टाकताना वर्ष आधी, महिना मध्ये, दिवस शेवटी असं फिरवून लाव, कारण हजेरीच्या नव्या सॉफ्टवेअरला तारीख तशीच लागते. एवढा एका ओळीचा हुकूम दिला की सोऱ्यातून चकल्या पडाव्यात तशा तारखा भराभर पडायला लागतात. जयाला ते बघायला इतकं आवडायचं की चहा गार व्हायचा. पण सोऱ्याला पीठ कसलं ते कुठं कळतं? भाजणी भरा नाहीतर चिखल भरा, चकली गोलच पडणार.

काही ओळींत गडबड झालीच. महिना विसावा, महिना पंचविसावा असले नमुने बाहेर पडले. जयानं नांदेडच्या ऑपरेटरला मनातल्या मनात दोन शेलक्या शिव्या हासडल्या आणि तेवढ्या तारखा हातानं उलटवून नीट केल्या. बाकी सगळं दिसायला चोख होतं. सरांनी शीट बघितली आणि चक्क टाळी वाजवली. आता सकाळी एका नजरेत कळणार होतं, हॉस्टेलात कोण आणि सुट्टीवर कोण, आणि सुट्टी संपूनही न आलेल्या पोरीची ओळ आपोआप लाल होणार होती. जया दिवसभर हवेत होती. डोळ्यांत तेल घालून केलेलं काम म्हणून घरी नवऱ्यालासुद्धा सांगून झालं.

मार्चमधल्या त्या गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास जमीन हलली.

आधी आवाज आला. खालून, लांबून, रिकामं पिंप कुणी फरशीवरून ओढत न्यावं तसा. लातूरच्या माणसाला या आवाजाचा अर्थ विचारावा लागत नाही. त्र्याण्णव साली जया पाच वर्षांची होती, किल्लारीच्या अलीकडच्या एका गावात, आईच्या कुशीत झोपलेली. त्या पहाटे जया दगडामातीतून जिवंत निघाली आणि आई निघाली नाही. तेव्हापासून तिचं स्लॅबशी वाकडं. घराला पत्रे, ऑफिसात खुर्ची दारालगतची, लग्नाला गेली तर मांडवाच्या कडेला. लोक हसायचे. ती हसू द्यायची.

त्यामुळं टेबलावरचा ग्लास थरथरायच्या आत ती मैदानात पोचलेली होती. चपला ऑफिसात, ओढणी खुर्चीला. वर्गातल्या पोरी नंतर आल्या, एकमेकींना ढकलत, किंचाळत. मोठ्या बाईमाणसानं आधी पळावं आणि लेकरांनी मागून यावं, हे तिला पुढं फार लागलं. पण भीती काही विचारून येत नाही.

धक्का हलकाच होता म्हणे. वर्गांना काही झालं नाही. मैदानापलीकडच्या मुलींच्या हॉस्टेलला मात्र चांगलाच हादरा बसला होता. जुनी इमारत, तीन मजले, वर गच्ची, आणि गच्चीतल्या एकुलत्या खोलीच्या डोक्यावर पाण्याची सिमेंटची टाकी. ती टाकी एका अंगाला कलली होती आणि तिच्यातून पाणी गळत होतं. तिच्याखालचा खांब तडकलेला खालूनही दिसत होता. हॉस्टेलच्या रेक्टर पार्वतीबाई पळताना तळमजल्याच्या जिन्यात पडल्या आणि त्यांचं डोकं आपटलं. वॉचमन देविदासनं आपला अधू पाय ओढत त्यांना उचलून बाहेर आणलं तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. सर सोबत निघाले, पण निघण्याआधी त्यांनी टॅबवर जयाची शीट उघडून पोरी मोजून घेतल्या. नाव पुकारायचं, पोरीनं ओ द्यायची. एकही ओ चुकली नाही.

"जुळलं," सर म्हणाले. त्यांनी जयाकडं बघून मान हलवली. "आत कोणी नाही. देविदास, कुलूप लाव. इंजिनिअर बघेपर्यंत माशी आत जाता कामा नये."

देविदासनं सरकतं गेट ओढलं, कुलूप घातलं आणि तो गेटाबाहेर स्टूल टाकून बसला. पोरींना मंगल कार्यालयात हलवायचं ठरलं. जयानं लॅपटॉप घेऊन कडुलिंबाखाली बसायचं, पालकांना फोन करायचे, आणि जे लातुरातच असतील त्यांच्या ताब्यात मुली द्यायच्या, असं तिच्यावर सोपवलं गेलं. मुलगी द्यायची क्लासची एक शिस्त होती. पालकाचं आधार बघायचं, जन्मतारीख शीटशी ताडायची, मगच पोरगी सोडायची. एकदा भलत्याच मामानं पोरगी नेल्यापासून ही शिस्त लागलेली.

पहिली आली ती गंगम्मा. देगलूरकडची बाई, धाकट्या पोराच्या शाळेसाठी लातुरात खोली करून राहणारी, पोरगी नांदेडच्या बॅचची. पदर खांद्यावरून घसरलेला, पायात दोन वेगवेगळ्या चपला. तिनं आधारकार्ड पुढं केलं. जयानं शीट बघितली.

"जन्मतारीख सांगा, मावशी."

"एक जून. दुसरी कोणती आसंल माय? मास्तरनं घातलेली."

शीटमध्ये सहा जानेवारी होती. जयानं कार्ड बघितलं. कार्डावर एक जून. चुकून पडली असेल म्हणून जयानं पोरीला ही आईच ना असं विचारलं, पोरगी आईला बिलगलीच होती, तेव्हा सोडून दिलं. पण नजर शीटवर राहिली. गंगम्माच्या खालच्या ओळीतल्या बापाची जन्मतारीख सहा जानेवारी. त्याच्या खालच्या आईची सहा जानेवारी. एक ओळ सोडून पुन्हा सहा जानेवारी.

जयानं स्क्रीनवर बोट ठेवून ओळी मोजत नेल्या.

खेड्यातल्या माणसाची जन्मतारीख कशी ठरते हे तिला कुणी शिकवायला नको होतं. जन्माची नोंद नसते, शाळा जूनमध्ये उघडते, मास्तर पोराचा हात डोक्यावरून कानाला लागतो का बघतो आणि एक जून लिहून मोकळा होतो. जयाची स्वतःचीही एक जूनच. तिच्या नवऱ्याची, जावेची, अर्ध्या गावाची. मराठवाड्यात एक जूनला जन्मलेली माणसं वारुळातल्या मुंग्यांइतकी. पण सहा जानेवारी? सहा जानेवारी कोणता मास्तर घालतो?

एक सहा. सहा एक. नांदेडच्या कम्प्युटरवर महिना आधी आणि दिवस नंतर अशी अमेरिकी घडी बसवलेली होती. तिच्या साच्यानं पहिले दोन आकडे दिवस धरले आणि पुढचे दोन महिना. जिथं दिवस बाराच्या वर होता तिथं विसावा महिना पडला, ते तिला दिसलं आणि तिनं ते हातानं दुरुस्त केलं. बारा किंवा बाराच्या आतले सगळे दिवस मुकाट्यानं उलटे बसले होते. चोख दिसत होते. जन्मतारखा उलट्या, म्हणजे सुट्टीच्या तारखाही उलट्याच.

तिनं सुट्टीवरच्या नांदेडच्या पोरी वेगळ्या काढल्या.  एकच नाव उरलं. विनीता संगप्पा बिरादार, जळकोटजवळची. कांजिण्या म्हणून नांदेडहून परस्पर घरी गेलेली. सुट्टी वीस फेब्रुवारीपासून तीन एप्रिलपर्यंत. यातली वीस फेब्रुवारी जयानं स्वतः हातानं नीट केली होती. त्याच ओळीत, बोटभर अंतरावर, दुसरी तारीख होती आणि तिच्याकडं तिनं बघितलंसुद्धा नव्हतं. दीड महिना कांजिण्या कुणाला असतात? तीन एप्रिल नाही. चार मार्च. गेला सोमवार.

पोरगी कदाचित आलीच नसेल, घरीच असेल, असं जयानं स्वतःला सांगितलं. देवा, घरीच असू दे. तिनं बापाचा नंबर लावला. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"हॅलो, विनीताचे वडील का? लातूरहून बोलते, क्लासमधून."

"हाव हाव, संगप्पाच बोलून राहिलो, म्याडम. हिकडं बी भांडी वाजली. म्या तुमच्या हापिसालाच फोन लावलालतो, लागंना. पोरगी बरी हाय न्हवं?"

जयानं थेट विचारलं, "तुम्ही तिला कधी आणून सोडलं?"

"सोमवारी की. सोता गेटावर आणून त्या पार्वतीबाईच्या हवाली केली. आंगावरच्या खपल्या पडूस्तोवर येगळं ठिवते म्हणल्या, कुणाला सांगू नगा म्हणल्या, बाकीचे मायबाप भितील. का वो? बरी हाय ना?"

वेगळं ठेवायला हॉस्टेलात जागा एकच होती. गच्चीवरची खोली. टाकीखालची.

"बरी हाय," जया म्हणाली.

हे शब्द तोंडातून कसे गेले तिला कळलं नाही. पलीकडं बापानं मोठा सुस्कारा सोडला, बाजूच्या कुणाला तरी ओरडून सांगितलं, "बरी हाय गं, बरी हाय!" आणि तो म्हणाला, "निघतोच मी. गाडी मिळाली की पोचलोच." फोन बंद झाला. जया तशीच फोन कानाला लावून बसली. पार्वतीबाईंनी क्लासचं नाव राखायला पोरगी लपवली होती. शीट नीट असती तर मंगळवारी सकाळीच ती ओळ लाल झाली असती, विनीता बिरादार परत यायची होती, का आली नाही, आणि ऑफिसनं चौकशी केली असती. शीट म्हणाली सुट्टीवर आहे, म्हणून कोणी विचारलं नाही. लातूरच्या पोरींनी तिला कधी बघितलंच नव्हतं. नांदेडच्या पोरी समजत होत्या ती गावी आहे. आणि जिला माहीत होतं ती बाई बेशुद्ध पडली होती.

जयानं सरांना फोन लावला. "सर, एक मुलगी आत आहे. गच्चीवर."

"कसं शक्य आहे? आपला काउंट जुळला."

"काउंटच चुकलाय सर. तारखा उलट्या पडल्यात. माझ्यामुळं."

 मग सर हळू आवाजात म्हणाले, "मी अग्निशमनला लावतो. तू आत जायचं नाहीस, जया. ऐकलंस? ती टाकी कोणत्याही क्षणी येईल." अग्निशमनची गाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका पडलेल्या भिंतीपाशी होती. येतो म्हणाले. कधी, ते म्हणाले नाहीत.

सर म्हणाले जाऊ नकोस, आणि जयाला खरं सांगायचं तर बरं वाटलं. जावं लागणार नाही म्हणून बरं वाटलं. मग त्या बऱ्या वाटण्याची तिला इतकी किळस आली की ती उठून उभी राहिली आणि अनवाणीच हॉस्टेलच्या गेटाकडं चालायला लागली. "बरी हाय" असं ती एका बापाला सांगून बसली होती. आता ते खरं तरी करायला हवं होतं, नाहीतर खोटं ठरलेलं डोळ्यांनी बघायला हवं होतं.

"कुलूप काढा, देविदासभाऊ. वर पोरगी हाय."

देविदास स्टुलावरून ताडकन उठला. "काय बोलून राहिल्या ताई! म्या मघापासून हितंच बसेल हाय. चिमणीचा आवाज न्हाई आला. पोरगी आसती तर वरडली नसती?"

हे जयाच्या डोक्यात आलंच नव्हतं. गच्ची उघडी, खोलीला खिडकी, खाली मैदानात एवढी माणसं. जिवंत पोरगी ओरडते. दोघांनी मान वर करून हाका मारल्या. "विनीता! ए विनीता!" देविदासचा आवाज तर पार बसस्टँडपर्यंत जाणारा. वरून काहीच आलं नाही. फक्त गळणारं पाणी भिंतीवरून खाली येत होतं.

देविदासनं कुलूप काढलं, पण तो आत शिरला नाही. "माझा पाय तुमास्नी ठाऊक हाय. जिना चढंस्तोवर सांज व्हईल. म्या गेट धरून हुबा ऱ्हातो. भरकन जावा, भरकन या."

जिन्यात खोल्यांतून पळालेल्या पोरींच्या चपलांचा खच पडला होता. पार्वतीबाईंचा चष्मा एका पायरीवर, बाजूला थोडं रक्त. जया भिंतीला न लागता, मधोमध चढत होती. भिंतीला हात लावला तर भिंत येईल असं तिला वाटत होतं. पहिला मजला. दुसरा. तिच्या नाकात माती शिरली, जुन्या गिलाव्याची, आणि तो वास तिला ओळखीचा होता.  आईचा हात अंगावर होता, जड, आणि तो हलत नव्हता, हे तिला एवढ्या वर्षांत इतकं लख्ख कधी आठवलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पुन्हा खालून तो आवाज आला. जया पायरीवर मटकन बसली, दोन्ही हातांनी लोखंडी कठडा धरला, डोळे मिटले. कठडा तिच्या हातात किणकिणत होता. वर काहीतरी घसरलं, दगडावर दगड घासावा तसं, आणि पाण्याचा एक लोंढा जिन्यावरून खाली आला. ती भिजली. "आई, आई, आई," एवढंच ती म्हणत होती. खाली पळावं असं तिला वाटलं, आणि ती पळाली नाही ती शौर्य म्हणून नव्हे. पाय हलत नव्हते म्हणून. हादरा थांबला तेव्हा ती जिथं होती तिथून खालच्यापेक्षा वरच्या पायऱ्या कमी होत्या, म्हणून ती वर गेली, एवढंच.

गच्चीवर घोट्याएवढं पाणी साठलं होतं. टाकी आणखी वाकली होती आणि खोलीच्या स्लॅबच्या एका कोपऱ्यावर टेकली होती. खोलीच्या दाराला बाहेरून कडी घातलेली. जयानं कडी ओढली. चौकट दबली होती, दार हलेना. तिनं खांदा लावला, पाय लावला, शेवटी आरडत अंग झोकून दिलं. दार अर्ध्यात उघडलं.

आत धुरळा होता. पलंगावर गिलाव्याचे मोठाले ढपले पडलेले. पलंगावर कोणी नव्हतं. जयानं वाकून खाली बघितलं.

पलंगाखाली भिंतीला चिकटून एक पोरगी बसली होती. गुडघे पोटाशी, ओढणीचा बोळा तोंडात घट्ट कोंबलेला, चेहऱ्यावर खपल्या आणि त्यांवर पांढरी धूळ. डोळे टक्क उघडे. ती हलली, तेव्हा जयाच्या तोंडून हुंदकाच निघाला.

"अगं, इतक्या हाका मारल्या! ओ का न्हाई दिलीस?"

पोरीनं बोळा काढला. "पार्वतीमावशी म्हणल्या व्हत्या, आवाज करायचा न्हाई. खालच्यांना कळलं तर घरी धाडतील. मग सगळ्या टेस्ट बुडतील." तिनं जयाच्या खांद्यावरून दाराकडं बघितलं. "तुम्ही सरांना सांगनार का?"

 जयानं हात धरून तिला ओढून काढलं आणि दोघी पाण्यातून, चपलांच्या खचातून, कुठंही न थांबता खाली आल्या. देविदासनं त्यांना बघून गेटच सोडलं आणि कपाळाला हात लावून खाली बसला. मैदानात पोरी गोळा झाल्या. कुणी पाणी आणलं, कुणी चादर आणली. नांदेडची एक पोरगी ओरडली, "अगं, ही तर विनी!"  विनीता जयाकडंच बघत होती.

"म्याडम, मला आता घरी धाडनार का?"

"हाव," जया म्हणाली. "तुझे वडील निघालेत. न्यायला येऊन राहिले."

तेव्हा कुठं ती पोरगी रडली. टाकी डोक्यावर घसरत असताना जिनं ओढणी चावून आवाज दाबला होता, ती आता सगळ्यांसमोर, मातीत बसून, गळा काढून रडायला लागली. "नगा ना म्याडम, बाबाला परत लावा, येऊ नगा म्हणून सांगा, म्या बरी हाय, म्या कुटं बी ऱ्हाते, टेस्ट बुडतील माझ्या, मला घरी नगा धाडू." जया तिच्याजवळ खाली बसली. तिच्या अंगावरून अजून पाणी गळत होतं, आणि तिनं त्या पोरीला नुसतं घट्ट धरून ठेवलं.